एका प्रश्नाला एकच माणूस

"थांब. तुझा सवाल आलाय आधी. तिकडं खतात बस."

उजवा पंजा आडवा धरून तात्या असं म्हणाले, की समोरचा माणूस मुकाट्याने 'खतात' जाऊन बसायचा. खत म्हणजे चिंचेच्या सावलीची विहिरीकडची बाजू. बुंध्यापाशी बियाणं, उभ्या बैलगाडीमागं कीड. ज्यांचा प्रश्न एकच, त्यांनी एकत्र बसायचं, एकानेच विचारायचं आणि उत्तर बाकीच्यांना नेऊन सांगायचं. स्वतःची कोरडवाहू जमीन कसणाऱ्या या माणसाला हे काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं.

पाथर्डीकडच्या एका गावात दर मंगळवारी बाजार भरे. शेतीखात्याची जीप मला तिथं शेतकऱ्यांना सल्ला द्यायला दोन तासांसाठी सोडायची. संकरित ज्वारी नवी, युरिया नवा, आणि मीही नवाच. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. पहिल्या मंगळवारी चहूबाजूंनी एकदम प्रश्न आले आणि मला घाम फुटला. तेव्हा तात्या गर्दीतून पुढे आले. "तुमी बसा, सायेब. मी लावतो." त्या दोन शब्दांवर माझी नोकरी उभी राहिली, असं मी आजही मानतो.

उत्तरं त्यांना येत नसत, आणि तसं ते सांगतही. "जबाब सायबाकडं. माझ्याकडं निस्ती रांग."

ज्यांना काय विचारायचं हेच कळत नसे, त्यांना ते आपल्या पायाशी बसवून घेत.

"काय इचारायचंय?"

"काय न्हाई. असंच आलो."

"असंच कोन येतं रं एवढ्या लांब? निघताना बायको काय म्हनली?"

"म्हनली, बियाला लाल औषिद लावलंय, ते धुवून पेरायचं का इचारा."

"मंग हाय की सवाल. तोबी बायकोचा. ऊठ, बियात जा."

एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, युरिया मिठासारखाच दिसतो, म्हशीच्या आंबोणात टाकला तर चालेल का. चिंचेखाली हशा पिकला. तात्या हसले नाहीत. "हसनाऱ्यानं आधी जबाब सांगावा," ते म्हणाले. मी सांगितलं, असं कदापि करू नका, म्हैस दगावेल. जीपपर्यंत सोडायला येताना ते म्हणाले, "तुमच्या आधीच्या सायबाला मी इचारलं हुतं, युरिया बियासंगं पेरायचा का येगळा. लोक हसले, मी तसाच माघारी आलो अन् संगंच पेरला. निम्मं रान उगवलंच न्हाई." तुम्हीही पाहिलं असेल, हसं झालेला माणूस बहुधा पुन्हा तोंड उघडत नाही. तात्या दुसऱ्यांची तोंडं उघडत बसले.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. आधी बियाणं ओस पडलं, मग खत. बैलगाडीमागं कुणी नव्हतं. "किडीलाबी खायाला न्हाई आता," एकजण म्हणाला. एका मंगळवारी सगळा बाजार तात्यांच्या पायाशी बसला होता.

ते एकटेच माझ्याकडे आले. "सायेब, आज एकच हाय. समद्यांचा मिळून."

"विचारा."

"गुरांची छावनी कवा उघडनार? वैरन सरली. गुरं ठिवायची का इकायची, एवढं सांगा."

मी वरच्या कचेरीत विचारलं होतं. तिथून मला सुधारित पेरणीची पत्रकं मिळाली होती. तीच माझ्या मांडीवर होती.

"मला माहीत नाही, तात्या."

"बरं," ते म्हणाले आणि परत गेले.

तेवढ्यात लांबच्या वस्तीवरचा एकजण घाईने माझ्याकडे निघाला. तात्यांनी पंजा आडवा धरला.

"थांब. तुझा सवाल आलाय."

"मंग जबाब काय?"

"सवाल आलाय."

जीप येईपर्यंत ते प्रत्येकाला असंच परतवत राहिले. माझ्यापर्यंत त्यांनी कुणालाही पोचू दिलं नाही. ते माझी लाज राखत होते की त्या लोकांची आशा, मला कळलं नाही.

पुढच्या मंगळवारी चिंचेखाली कुणी नव्हतं. बाजाराच्या पलीकडच्या टोकाला कासरे धरून माणसं उभी होती. त्यांत आपली बैलजोडी घेऊन तात्याही होते. घेणारे फक्त कसाईच होते. छावणी उघडली ती त्यानंतर.

उन्हाळ्यात रस्त्याच्या दुष्काळी कामावर ते खडी फोडताना दिसले. शेजारी एक नवी आलेली बाई दगड बोटांत धरून हातोडी मारत होती. एका ठेचलेल्या बोटाला चिंधी होती. दगड कसा धरायचा, हे ती कुणाला विचारत नव्हती. तात्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"तात्या, छावणी उघडली," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"व्हय, ऐकलं." त्यांनी नवा दगड ओढून घेतला. "तुमी निघा, सायेब. ऊन लई हाय."

रस्त्याच्या दोन्ही कडांना लांबवर माणसं बसली होती. हातोड्यांशिवाय कसलाच आवाज येत नव्हता.