झाकणावरची हळद

चिंबळी फाटा मागे पडला तरी ओव्हाळ मॅडम 'फोन लावा' याखेरीज काही बोलल्या नव्हत्या. कुरुळीत बस सोडून आम्ही चालायला लागलो त्याला पाऊण तास झाला होता. नाशिक रस्त्यावर कंटेनरला कंटेनर चिकटून उभे होते. दुचाकीवालेसुद्धा पाय टेकून बसलेले. मोशीची आमची शाळा अजून तीन किलोमीटर. नवरात्राची आठवी माळ, सकाळपासून पोटात दोन केळी, माझे पाय मागे मागे पडत होते.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

मी ज्योतीराममामांना फोन लावला. अकराव्यांदा. रिंग पूर्ण वाजून बंद झाली.

"नाही उचलत."

"हात ओले असणार. फोन स्टाफरूममध्ये चार्जिंगला लावून वर गेले असणार." त्यांनी पदर कमरेला खोचला आणि चाल वाढवली.

मामा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. उद्या खंडेनवमी. आदल्या दिवशी प्रयोगशाळेतली एकेक बाटली खाली काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची, मागच्या वर्षीची हळद काढायची आणि सकाळी नवी हळद-कुंकवाची बोटं लावायची, हा त्यांचा सतरा वर्षांचा नेम. सकाळी आम्ही प्रशिक्षणाला निघालो तेव्हा फाटकात उभं राहून ते सांगत होते, "मॅडम, वरच्या फळीवरच्या त्या बाटलीचं झाकण लई घट्ट बसलंय बघा. हळदीचं पूटच चढलंय. औंदा ब्लेडनं खरवडून काढतो."

आम्ही हो म्हणून निघून गेलो.

चाकणला विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, शाळेतली रसायनं धोक्याविना कशी हाताळायची याचं. मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, मॅडम नववी-दहावीला. शिकवायला एका कंपनीतून निवृत्त झालेले सेफ्टी ऑफिसर होते. जेवणानंतर त्यांनी पडद्यावर एका बाटलीचा फोटो दाखवला. आत पिवळे खडे, झाकणाच्या कडेला पिवळं पूट. पिक्रिक ॲसिड. ते म्हणाले, "पाण्यात भिजलंय तोवर गप्प बसतं. सुकलं, की झाकणाच्या आट्यात अडकलेला कण घासला तरी उडू शकतं. झाकण फिरवायचं नाही, बाटली हलवायची नाही. दार लावून घ्यायचं आणि फोन करायचा."

माझ्या शेजारी मॅडमचं पेन वहीवर थांबलं ते थांबलंच. मग त्या उठल्या. मी मागोमाग गेले तर दारातच म्हणाल्या, "ती हळद नाही हो."

शाळेला दुपारनंतर सुट्टी होती. मुख्याध्यापक घटासाठी गावी गेलेले, त्यांचा फोन लागत नव्हता. वर मामा एकटे, हातात ब्लेड.

इंद्रायणीच्या पुलावर वारा लागला तशा त्या बोलायला लागल्या. एरवी भाग्यश्री ओव्हाळ घरचं काही सांगणारी बाई नव्हे. दिघीत वाढलेल्या. वडील नागसेन ओव्हाळ, घरातले दादा, भोसरीत धातूला मुलामा देणाऱ्या एका छोट्या प्लेटिंग वर्कशॉपमध्ये क्रोमच्या टाकीवर होते. टाकीच्या वाफेनं त्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं आणि वास गेला.

"दूध करपून वासानं घर भरायचं, आणि दादा तिथंच पेपर वाचत बसलेले असायचे. आम्ही हसायचो. त्यांच्या टाकीवर काही लिहिलेलंच नव्हतं. मी केमिस्ट्री घेतली ती त्यामुळं. वाटलं, आपण तरी पोरांना वाचायला शिकवू, बाटलीवर काय लिहिलंय ते."

मागून ट्रकनं हॉर्न दिला. त्या थांबल्या नाहीत.

"आणि आज माझ्याच कपाटात बिनलेबलाची बाटली. आठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका कॉलेजची चार खोकी मुख्याध्यापक सरांनी आणली. त्यातली ती. नावाची चिठ्ठी मी माझ्या हातानं चिकटवली होती. दर खंडेनवमीला ती ओल्या फडक्यानं थोडी थोडी जायची. मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं, आणि विचारल्या क्षणी मला आठवलं.

त्या बोलल्या होत्या. पहिल्याच वर्षी. स्टाफरूममध्ये प्रसाद वाटला जात होता तेव्हा म्हणाल्या होत्या, "मामा, बाटल्या ओल्या फडक्यानं नका पुसू." कोणीतरी हसत म्हणालं, "मॅडमना आमची पूजा खटकते वाटतं." सगळे हसले. मॅडम बौद्ध, बाकी आम्ही बहुतेक घटाला बसणारे. माझ्या हातात पेढा होता. मी हसले नाही; पण बोललेही नाही. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर तोंड उघडलं नाही, आणि बाटलीच्या गळ्याशी पिवळं साठत गेलं. त्यांना ती पूजेची हळद वाटली, आम्हा सगळ्यांनाच वाटली.

पुढचा रस्ता मी मनात देवीचं नाव घेत चालले. दोनदा वाटलं, तिकडून काही आवाज आला. ट्रकचा टायर असेल.

शाळेचं फाटक उघडं होतं. वरच्या मजल्यावर मामांचं गुणगुणणं ऐकू येत होतं, म्हणजे माणूस ठीक होता. मी जिन्याकडं धावले तसं मॅडमनी माझा दंड धरला.

"ओरडू नका. दचकतील."

त्या सावकाश चढल्या. प्रयोगशाळेच्या जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या, पुसून चकचकीत. ती मात्र अजून वरच्या फळीवरच होती. मामा स्टुलावर चढले होते. एका हातानं फळी धरलेली, दुसऱ्या हातात ब्लेड, झाकणापासून वीतभर.

"मामा," मॅडम दारातूनच म्हणाल्या, रोजच्याच आवाजात. "चहा सांगितलाय. या."

"आलो की. एवढी एकच राहिली, खरवडतो अन् येतो."

"आधी चहा. गार होईल."

"दोन मिनिटं, मॅडम..."

"मामा, मला चक्कर येतेय. खाली या."

मामा चटकन वळले. स्टूल डुगडुगलं. त्यांचा हात फळीवर दाबला गेला आणि वरच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. मग ते खाली उतरले, ब्लेड टेबलावर ठेवलं, चपला शोधल्या. मॅडमनी त्यांना मनगटाला धरून बाहेर आणलं, दार ओढलं, कुलूप लावलं, आणि तिथंच जिन्याच्या पायरीवर बसल्या. किल्ली दोनदा पडली.

सेफ्टी ऑफिसरांना आणि अग्निशामक दलाला फोन झाले. तासाभरात दोन जवान आले, दारातूनच पाहिलं आणि मजला बंद केला. बाटली हलवायला जाणकार माणसं सकाळी येणार होती. तोवर वर कोणी जायचं नाही.

खाली व्हरांड्यात मामांना सगळं सांगितलं, पण त्यांच्या कानात एवढंच राहिलं. "म्हंजी उद्याची पूजा न्हाई?"

"प्रयोगशाळेत नाही, मामा," मॅडम म्हणाल्या. "तिथं यापुढं बाटल्यांना हळद-पाणी लावायचंच नाही."

मामांनी आपली पिशवी उचलली. मग हळूच म्हणाले, "पूजा नको व्हती, तर सरळ सांगायचं, मॅडम. बाटलीचं निमित्त कशाला?"

ते पिशवी घेऊन फाटकाबाहेर गेले. मॅडमचा चेहरा मी पाहिला. दीड तासाची चाल, फोन, स्टुलावरचा तो हात, या कशानं त्या खचल्या नव्हत्या; या एका वाक्यानं खचल्या.

फाटकाशी मी म्हटलं, "तुम्ही नका काही बोलू. उद्या मीच सांगते सगळ्यांना. मी घटाची बाई, माझं ऐकतील. मामाही ऐकतील."

"ऐकतील," त्या म्हणाल्या. "तुमचंच ऐकतील. माझं म्हणणं तसंच राहून जाईल."

रस्त्यावरची गर्दी आता सुटायला लागली होती. त्यांनी किल्ली पर्समध्ये नीट आतल्या कप्प्यात ठेवली.

"उद्या मामांनी तराजू, सूक्ष्मदर्शक, जे खालच्या खोलीत आहे ते व्हरांड्यात मांडावं. मनापासून पूजा करावी. त्यांची झाली की मी बोलणार. आठ वर्षं काय बघितलं आणि का गप्प बसले, सगळं. कोणी हसेलही." त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही माझ्या वतीनं काही बोलू नका. फक्त बोलून होईपर्यंत माझ्या शेजारी उभ्या राहाल का?"