आंटींचा तिसरा वाडगा

आंटींच्या घरात ‘लांब’ हा शब्द चालत नसे. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या त्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा सहज म्हणाले, “इथून एमआरटीचं, मेट्रोचं स्टेशन जरा लांबच आहे.” आंटींनी मला द्यायला काढलेली किल्ली मागे घेतली. “चालायला किती वेळ लागतो ते सांग. लांब म्हणायचं नाही,” त्या म्हणाल्या. बाई तिरसट दिसतेय, असं मला वाटलं, आणि त्या होत्याच तिरसट.

मी नागपूरहून पोस्टडॉक करायला आलेली, आंटी सत्तरी ओलांडलेल्या चिनी विधवा. संध्याकाळच्या बातम्या त्या उभ्याने ऐकत. पाय दुखत, तरी बसत नसत. “बसून ऐकलं की अंगवळणी पडतं,” म्हणत. पडद्यावर कोणी सुटाबुटातला माणूस ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ असं बोलला, की त्या त्याला तोंडावर सुनावत. “दार एकाने फोडलं आणि संयम दोघांनी पाळायचा?”

बुद्धपौर्णिमेला मी खीर केली. आंटींनी पहिला वाडगा देवघरातल्या वडिलांच्या फोटोपुढे ठेवला आणि त्या दिवशी मला सगळं सांगितलं. वडिलांचं जवळच काटोंगला कापडाचं दुकान होतं. जपानी सैन्य चीनचा एकेक तुकडा गिळत होतं, तेव्हा त्यांनी दुकानातलं सगळं जपानी कापड बाहेर काढून टाकलं. गिऱ्हाइकं हसली. चीन इथून लांब आहे, तुम्ही कशाला धंदा बुडवता, म्हणाली. गोरे साहेबही तेच म्हणत आणि क्लबात जात. पुढे तेच सैन्य सिंगापुरात उतरलं. चिनी पुरुषांना चौकशीला बोलावलं, वडिलांना लॉरीत चढवलं, समुद्राकाठी नेलं आणि गोळ्या घातल्या. कुठल्या किनाऱ्यावर, ते घरच्यांना कधी कळलं नाही. “आता किनाराही राहिला नाही. हे सगळं समुद्र बुजवून बांधलंय,” आंटी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “एकाला एक घास गिळू दिला, की तो ताटावरच बसतो. दुसरे भुकेले ते बघत असतात. मग सगळं जग पेटतं आणि लोक विचारतात, हे अचानक कसं झालं!”

२००८च्या ऑगस्टात रशियाचे रणगाडे जॉर्जियात शिरले. त्या रविवारी आंटींचा मुलगा केनी जेवायला आला होता. रॅफल्स प्लेसला एका बँकेत तो मोठ्या हुद्द्यावर होता. मॉस्कोच्या एका तेल कंपनीला कर्ज उभारून द्यायचं काम त्याच्याकडे आलं होतं, पुढच्या आठवड्यात तिकडे जायचं होतं.

“जाऊ नकोस,” आंटी म्हणाल्या.

“मा, तो केवढासा देश. कोणाला त्याचं पडलंय? आठवड्यात सगळे विसरतील. आणि ते किती लांब आहे.”

आंटींनी त्याच्या पुढचं ताट उचललं. “तुझ्या आजोबांनी धंदा सोडला. तू तसल्याच लोकांना लॉरी घेऊन देतोयस.”

“मी नाही केलं तर दुसरा कोणी करेल,” केनी म्हणाला, आणि उठला. आठवड्याने तो गेलाही.

मला तेव्हा राग आला, तो अजून उतरलेला नाही. हुकूमशहाचा राग येतोच. पण त्याला वाकून खुर्ची देणाऱ्यांचा, त्याचं तेल घेऊन वर शांततेची भाषणं ठोकणाऱ्यांचा जास्त येतो. ही माणसं वाईटही नसतात. केनी आईची औषधं कधी चुकवत नसे.

तो चिनी पंचांगातला सातवा महिना होता. या महिन्यात मेलेले परत येतात म्हणून लोक बिल्डिंगखाली त्यांच्यासाठी कागदी पैसे जाळतात, बेवारस मृतांसाठी जेवण मांडतात. आंटींनी खाली गवताकडेला भाताचा एक वाडगा वडिलांसाठी ठेवला. दुसरा जॉर्जियात मेलेल्यांसाठी. “नवीन आहेत, त्यांना वाट माहीत नसेल,” म्हणाल्या. शेजारी त्यांनी तिसरा वाडगा ठेवला, रिकामा.

“हा कोणाचा?”

“यानंतर मरतील त्यांचा. आज कोणी अडवलं नाही ना, मग येतीलच.”

वर्षभराने माझी नोकरी संपली आणि मी पुण्याला आले. मी टॅक्सीत बसताना आंटी म्हणाल्या, “पुणं लांब नाही. फोन कर.” मी करत राहिले. मग एकदा केनीने तो उचलला आणि आई गेल्याचं सांगितलं. शेवटच्या दुखण्यातही त्या बातम्या लागल्या की पलंगाचा कठडा धरून उठू बघत, म्हणाला.

पुढे तेच रणगाडे युक्रेनमध्ये शिरले. त्या वर्षी सातव्या महिन्यात केनीचा फोन आला. म्हणाला, “आईचा तिसरा वाडगा आज मी भरला.”

त्याची समजूत घालावी असं मला वाटलं नाही.

“शेजारी रिकामा ठेवलास का?” मी विचारलं.

“ठेवला,” तो म्हणाला.