जवासाठी थांबणारं वर्ष

भंडाऱ्याच्या कॉलेजात इतिहासाच्या तासाला सरांनी प्राचीन हिब्रू महिन्यांची नावं सांगितली, तेव्हा मला घरचीच आठवण आली. अवीव म्हणजे जवाची हिरवी कणसं. झिव म्हणजे फुलोऱ्याची झळाळी. एतानीम म्हणजे न आटणारे झरे. पुढे त्या लोकांना कैद करून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला नेलं आणि परतताना ते निसान, तम्मूझ अशी तिकडची नावं घेऊन आले. माझी मायही महिने असेच मोजते : रोवण्याचा, पोळ्याचा, कापणीचा.

मोठा दादा मी शिकावं म्हणून सुरतेच्या कापड कारखान्यात गेला. घरातला पहिला पदवीधर मी. पण ती पदवी त्याचीच, असं मी मानतो. बाप गेल्यापासून रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, पहिली पेंडी दादाच लावायचा. माय फोनवर तेवढंच सांगायची, "रोवण्यात येजो."

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा पाऊस लांबला. दादा ठरल्याप्रमाणे जुलैत आला. धानाच्या बांधीला भेगा होत्या, पऱ्ह्यांची रोपं खुरटली होती.

"पऱ्हे बोटभर नाहीत, अन तू आला," माय म्हणाली.

"तिथं रोवणा कोनाले समजते, माय? साहेब म्हणते, सुटीचा महिना सांग. मी जुलै सांगतलं."

"मंग सांग त्याले, जुलै अजून लागलाच नाही म्हना."

दादा खूप हसला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "याले धाड सांगाले. कॉलेजात जाते ना."

सुटी संपेपर्यंत तो तलावाच्या पाळीवर बसून आभाळ बघत राहिला आणि परत गेला. पाऊस नंतर आला. दुसरी सुटी मिळाली नाही. मायने वरच्या बांधीचा एक कोपरा रिकामा ठेवला, तिथं पाण्यात एक पेंडी ठेवली. "तो येईन तवा लावन," म्हणाली.

सुरतेत दादाला ताप आला. त्या तापातून तो उठला नाही. आंबागडाकडच्या रस्त्याने गाडी त्याला घेऊन आली तेव्हा गावभर रोवणा चालू होता. बाया चिखलाच्या पायांनीच आमच्या अंगणात आल्या. मायने त्याच्या पायावर हात ठेवला. "आला बापा," ती म्हणाली. "रोवण्यातच आला."

कोपऱ्यातली पेंडी तिने कोणाला हलवू दिली नाही. ती तिथंच पिवळी पडली.

त्याच तासाला सरांनी आणखी एक सांगितलं होतं. जव तयार नसला तर ते लोक वर्षात एक महिना जास्तीचा घालत. सण थांबायचा, सगळं वर्ष थांबायचं. परीक्षेत मी ते उत्तर लिहिलं होतं, चांगले गुणही मिळाले होते.

आता पहिली पेंडी मी लावतो. चिखलात उतरलो की धुऱ्यावरून, बांधीच्या बांधावरून, माय म्हणते, "थांब जरासाक." मी पेंडी धरून उभा राहतो. बायाही हातात पेंड्या घेऊन थांबतात. माय आंबागडाकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघते. मग म्हणते, "लाव."