सावडीतलं पायथॉन

त्या वर्षी कापसानं आमच्या जिल्ह्याला रडवलं आणि मला रडवलं पायथॉननं. गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली होती, यवतमाळच्या बाजारात जो तो कपाळाला हात लावून बसलेला, आणि मी आपली एका प्रोग्रामिंगच्या भाषेच्या नावानं बोटं मोडत फिरत होते. आता हे दुःख सांगणार तरी कोणाला?

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायचे. म्हणजे जितके तास, तितकीच नोकरी. इतकी वर्षं सी प्लस प्लस शिकवलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी मी आधी फळ्यावर महिरपी कंस काढला असता. आणि दसऱ्याच्या सुमारास प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, दिवाळीनंतर सी प्लस प्लस बंद, पायथॉन सुरू. तुम्हाला येतं ना?"

"येतं की," मी म्हटलं.

येत होतं डोंबल! पण नाही म्हणायला जीभच वळेना. ते म्हणाले, "छान. सुट्टी संपली की तुमचा पहिला तास मी मागच्या बाकावर बसून ऐकणार. जमलं तर तास तुमचे, नाहीतर नागपूरहून कोणी बोलावू." ते तास गेले असते तर मी घरी बसले असते, आणि घरी बसणं हा माझा पिंडच नाही. माझी आईच म्हणायची, तू घरी राह्यली की भांडे बी वैतागतात.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकायला गेले, तर त्यातला माणूस एकटाच बोलत सुटायचा. मी त्याला "काहून?" विचारलं तर तो थांबतो थोडाच! मला शिकायला समोर भांडायला माणूस लागतो. भांडल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही.

मग गावातल्या क्लासमध्ये चौकशीला गेले. आमच्याकडे गाडीवर निघताना बाया तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, नुसते डोळे उघडे. मी तो क्लासच्या आत गेल्यावरही सोडला नाही. म्हटलं, कोणी ओळखायला नको. काउंटरपाशी दुपट्ट्याआडूनच "पायथॉनची बॅच" एवढंच बोलले, तर आवाज ओळखून आतल्या सगळ्या खुर्च्या वळल्या. "अरे, मॅडम!" पोट्टे माझेच! माझ्याच वर्गातले निम्मे तिथं बसले होते, आणि शिकवायला उभा होता तो चार वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालून गेलेला. "भाचीसाठी विचारून राह्यली," असं म्हणून मी जी निघाले, ती घरी येऊनच श्वास घेतला. मला भाची नाही.

शेवटी चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला गेले. देवाला म्हणणार होते, बाप्पा, तूच काही कर. पायऱ्यांवर ही रांग. माझ्या मागे कडेवर लेकरू घेतलेली एक बाई फोनवर कोणाला तरी झापत होती.

"तुले किती डाव सांगू? टॅब आन स्पेस एकात मिसळू नको. इंडेंट पाह्य न आधी! कंस नसतेत पायथॉनमधी, ओळीआधीची मोकळी जागाच मोजते थे."

मी गर्रकन वळले आणि तिचा हातच धरला. ती बिचारी घाबरली, लेकरू रडायला लागलं, मागचे लोक म्हणाले चला पुढं. पण मी सोडते काय! रांगेतच सगळं सांगून टाकलं. ती पुण्यात एका कंपनीत हेच काम करायची. बाळंतपणात नोकरी सुटली. नवरा पुण्यातच होता आणि ही सासूला वेचणीत हात द्यायला कळंबजवळच्या खेड्यात आली होती. फोनवर तिचा धाकटा भाऊ होता.

"शिकवीन न मॅडम," ती म्हणाली. "पण आईले इचारा लागंन. कापूस वेचाचा हाये." आई म्हणजे सासू.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी हजर. घराला कडी, सगळे वावरात, म्हणजे शेतात. वावरात पोचले तर सासूबाई पहिल्या वेचणीआधीची सीतादही करत होत्या. कपाशीच्या झाडाला हळदकुंकू वाहून त्यांनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि एक घास माझ्याही हातावर ठेवला. मी खाल्ला. तेवढ्यात त्यांनी माझ्या कमरेला फडकं गुंडाळून त्याची ओटी बांधली सुद्धा.

"अवं मावशी, मी शिकाले आली!"

"सीतादहीचा घास खाल्ला न? मंग पात धर."

आणि मग त्यांनी करार सांगितला. अळीच्या वावरात मजूर यायला तयार नव्हते. वेचणीची मजुरी वजनावर, आणि किडक्या बोंडांतून दिवसभरात ओटी भरायची नाही. म्हणून त्यांना पैसे नको होते, हात पाहिजे होते. "आपल्यात सावड करू. तू आमच्या वावरात राब, मंग आमी तुह्या वावरात राबू. तिच्याशी काय बोलाचं थे वेचता वेचता बोल."

मी तासाला तास म्हणून पगार घेणारी बाई. मला हा हिशेब लगेच पटला.

अशी माझी दिवाळीची सुट्टी कपाशीत गेली. ती कपाशीच्या एका पातीवर, म्हणजे ओळीवर, मी शेजारच्या पातीवर, लेकरू बाभळीखाली झोळीत आणि सासू आमच्या दोघींवर नजर ठेवून.

"मॅडम, हे वावर पाहा. जोवर पात हाये तोवर पात धराची. पातीत जोवर झाड हाये तोवर झाड पाहाचं. झाडावर जोवर बोंड हाये तोवर बोंड वेचाचं. झाले न तीन लूप, तीन फेरे, एकात एक?"

"आणि कंस? कोणता लूप कुठं संपला हे कळणार कसं?"

"कंस कायले पाह्यजे? झाडाचे बोंड संपले की तुमी दुसऱ्या झाडाशी जाता का नाई? कोणी बोर्ड लावते का, हे झाड संपलं म्हणून? जागेवरून समजते. पायथॉनले बी जागेवरूनच समजते."

मी भांडले. कंस नाही म्हणजे शिस्त नाही, हा काय पोरखेळ आहे, असं धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, भांडत गेले. धुरा आला आणि कोणी न सांगता मी पुढच्या पातीला वळले. समजलं होतं! इतका आनंद झाला की मी ओटीतला कापूस सांडवत तिला मिठी मारली. लगेच मागून सासूबाईंचा आवाज आला, "कवडी मिसळली व हिनं सगळी!" किडून चिकटलेला पिवळा कापूस म्हणजे कवडी. ती वेगळ्या फडक्यात टाकायची असते, आणि मी भांडणाच्या भरात सगळं एकत्र कोंबलं होतं. "ह्येच तर इफ-एल्स हाये मॅडम, चांगला त ओटीत, नाई त फडक्यात," सून हसत म्हणाली. मग बाभळीखाली बसून मी ती कवडी निवडली आणि दुपारी भाकर-ठेच्यानंतर तिच्या लॅपटॉपवर तेच लिहून काढलं. तो लॅपटॉप ती लेकराच्या दुपट्यात गुंडाळून वावरात आणायची. पुण्याच्या कामाचं बोलायला लागली की तिचे हात बोंडांवरून भराभर चालायचे. मग एकदम थांबायची आणि म्हणायची, "जाऊ द्या."

सुट्टी संपत आली. निघताना मी सासूबाईंच्या पाया पडले.

"आता तुह्या वावरात कवा याचं?"

"मावशी, मले कोठी वावर? हिनं शिकवलं न. फिटली सावड."

"बोलणं काय काम असते? हात तर तिचे आमच्याच कापसात होते." त्यांचा चेहरा अगदी गंभीर.

"मग सोमवारी या कॉलेजात," मी हसून म्हटलं. "तेच माझं वावर." आणि एसटीत बसले.

सोमवार उजाडला. मागच्या बाकावर प्राचार्य, पुढे क्लासमध्ये मला दुपट्ट्यात पाहिलेले पोट्टे. मी फळ्यावर वावर काढलं, पाती काढल्या, झाडं काढली. पोरं हसली, मग पुढं सरकून बसली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी वेचणी केलेली, त्यांना हे सांगायला काय लागतं! मी फुशारले. घरी लिहून आणलेला प्रोग्राम पडद्यावर उघडला, त्यात तिथल्या तिथं दोन ओळी वाढवल्या आणि चालवला.

एरर!

पुन्हा चालवला. पुन्हा एरर. डोळ्यांना सगळं सरळ दिसत होतं, एका रेषेत. वर्गात कुजबुज सुरू झाली. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. मनात म्हटलं, गेले बाई तास.

"मॅडम, टॅब."

आवाज दारातून आला. दारात ती उभी, घाईनं नेसलेली साडी, खांद्याला पिशवी. "नवीन ओळी टॅबनं दिल्या तुमी. जुन्या स्पेसनं हायेत."

मी त्या ओळी दुरुस्त केल्या. पडद्यावर पातींमागून पाती सरसर उमटल्या. पोट्ट्यांनी बाक वाजवले. पण प्राचार्य उठून पुढं आले होते.

"या कोण?"

ओळखीची आहे, गावाकडची आहे, काहीही म्हणता आलं असतं. पण तिच्या हातांकडे लक्ष गेलं, बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेल्या. माझेही तसेच होते.

"सर, ह्या माझ्या बाई," मी भर वर्गात म्हटलं. "सुट्टीच्या आधी मला पायथॉनचा प सुद्धा येत नव्हता. ह्यांनी शिकवलं."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, फळ्यावरच्या वावराकडे पाहिलं आणि ते चक्क हसले.

"तास तुमचे, मॅडम. पण प्रॅक्टिकलच्या बॅचेसना मला अजून एक माणूस पाहिजेच आहे. ह्या येतील का?"

तिचे डोळे भरून आले होते, नुसती मान हलली, ती हो म्हणून की नाही म्हणून तेही कळेना. मी तिला हात धरून बाहेर आणलं. व्हरांड्यात सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर लेकरू. दोघांच्याही चेहऱ्यावर एसटीचा शीण दिसत होता.

"केलं का हिनं काम तुह्या वावरात?" त्यांनी विचारलं.

"केलं मावशी."

"मंग फिटली का सावड?"

मी सुनेकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

"नाई न मावशी," मी म्हटलं. "कायची फिटते? अजून लय राह्यली."

सासूबाईंनी लेकराला खांद्यावर टाकलं आणि उठता उठता म्हणाल्या, "मंग उद्या बी पाठवतो इले. लेकराले मी पाहीन."