हितेंद्रची वीज

चोपड्यात पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणाऱ्या हितेंद्रने वर्षानुवर्षं खपून, हातभर लांब वीज हवेत नाचवणारं यंत्र बनवलं. पहिला खेळ गावच्या यात्रेत ठरला.

"नाना, याला पाणी लागू देऊ नका," तो कळवळून सांगत होता.

पण बन्सीलालनाना पडले यात्रा कमिटीचे अध्यक्ष! "नवं मशीन शे, नारळ तं फोडनाच पडी," म्हणत त्यांनी नारळ थेट यंत्रावरच आपटला. पाणी तारांत झिरपलं. हितेंद्र पुसायला धावला, तोवर नानांनी बटणही दाबलं. फाडकन आवाज झाला, काळा धूर निघाला, यंत्र जळालं.

लोकांना वाटलं, हाच खेळ. टाळ्याच टाळ्या!

आणि हा बावळट, माझा सख्खा भाऊ, वाकून नमस्कार करत राहिला.