इस्त्रीच्या टोकाएवढा डाग

नवे कपडे जुने करून देणं हा मामांचा धंदा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस आपली फिरकी घेतोय. कपडे आपोआपच जुने होतात, त्याला माणूस कशाला ठेवायला हवा? पण मालिकेतला भिकारी कडक इस्त्रीचा कोरा सदरा घालून उभा राहिला की प्रेक्षक हसतो, प्रेक्षक हसला की दिग्दर्शक ओरडतो, आणि म्हणून कपडेपटात मामा लागतात. कॉलर चहाच्या पाण्यात बुडवायची. कोपरं पॉलिशपेपरने घासायची. खिशात दगड भरून कोट आठवडाभर टांगून ठेवायचा, म्हणजे खिसे ओघळतात. सकाळी दुकानातून आलेला शर्ट मामांच्या हाताखालून गेला की संध्याकाळी तीन भावांनी वापरून टाकल्यासारखा दिसायचा.

आणि इस्त्रीत तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीस वर्षांत एक कापड जाळलं नाही, असं ते येईल त्याला ऐकवत. गेली दोन वर्षं मात्र ऐकवत नव्हते. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. माणसाने बढाई मारायचं थांबवलं तर कोण चौकशीला येतंय?

दोन वर्षांपूर्वी ती लिफ्टची मालिका सुरू झाली होती. एका जुन्या इमारतीतली लिफ्ट मजल्यांवर न थांबता सालांवर थांबते. एका मुलीला कपाटात कुणाचा तरी निळा लांब कोट सापडतो, ती तो घालून लिफ्टमध्ये शिरते आणि दार उघडतं ते तिच्या जन्माआधीच्या सालात. पुढे कळतं की कोट तिच्या आईचा. आई एके दिवशी त्याच लिफ्टने गेली आणि परत आलीच नाही. आता मुलगी तिला सालोसाल शोधत फिरते. कोण कुठल्या सालातून कुठे गेलं याचा मेळ खुद्द लेखिकेलाही कधीकधी लागत नसे, पण लोकांनी मालिका डोक्यावर घेतली होती. मामांनी तोच कोट पाच वयांचा शिवून घेतला होता. पहिला कोरा करकरीत, पाचवा पार विरलेला, आणि ओळखायला प्रत्येकाच्या कॉलरीआत तितके लाल टाके.

ज्या दिवशी चित्रीकरण सुरू झालं, त्याच दिवशी मामांच्या बायकोचा रिपोर्ट यायचा होता. काखेत गाठ आली होती, तुकडा तपासायला दिला होता. मामांनी सुट्टी घ्यायची म्हटली तर बायकोनेच त्यांना हाकललं. "तुम्ही जा कामावर. तिथे बाकावर बसून तुम्ही माझा होता नव्हता तेवढा धीर घालवाल." ती बहिणीला घेऊन गेली. अकराच्या सुमाराला फोन आला तेव्हा मामा पाच टाक्यांच्या कोटावर इस्त्री फिरवत होते.

"अहो, साधी गाठ आहे. काही नाही म्हणाले डॉक्टर. ऐकताय ना?"

मामा ऐकत होते. मग नाकात जळक्या लोकरीचा वास शिरला. त्यांनी खाली पाहिलं. हात थांबला होता आणि इस्त्री जिथल्या तिथे टेकलेली होती.

"बरं," ते म्हणाले. "ठेवतो."

डाग फार मोठा नव्हता. इस्त्रीचं नुसतं टोक, करंगळीच्या पेराएवढं, डाव्या खिशाच्या वर. मामांना दरदरून घाम फुटला. पण तेवढ्यात सेटवरून बोलावणं आलं, कोट गेला, आणि तिथून दिग्दर्शकाचा आवाज आला, "मामा, काय डाग केलाय! बघितल्याबरोबर वाटतं, ह्या कोटाबरोबर काहीतरी घडलंय!" खरं काय ते सांगून टाकायची तीच वेळ होती. मामांनी मान डोलावली आणि मागे कपड्यांच्या दांड्यांआड जाऊन पोलिसांच्या गणवेशांत तोंड खुपसून ते मनसोक्त रडले. मग डोळे पुसून त्या गणवेशांनाही पुन्हा इस्त्री केली.

संध्याकाळी घरी आले तर बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. "ह्यांना काय त्याचं! मी एवढं सांगितलं, तर म्हणे, 'बरं, ठेवतो.' जसं काही दूधवाल्याचा फोन होता!" ती हसत सांगत होती. पण मामा ते हसणं ओळखत होते. त्याच वेळी आत जाऊन सगळं सांगावं की नाही? मामांनी चहा टाकला. प्रेमाचं काही तोंडाने बोलायचं म्हटलं की ह्या माणसाची दातखीळ बसायची, लग्नापासूनची रीत. उद्या सांगू, म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

उलट "बरं, ठेवतो" हे त्या घरातलं हत्यार होऊन बसलं. मामा भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, की ती म्हणायची, "बरं, ठेवतो." बाहेर जायला उशीर होतोय म्हणाले, की "बरं, ठेवतो." चेष्टाच असायची. पण चेष्टा करता करता ती क्षणभर थांबायची, तेवढं थांबणं मामांना लागायचं.

आणि त्या डागाचं तर विचारू नका. पहिल्या भागात मुलगी त्या डागावरून बोट फिरवते, कॅमेरा जवळ जातो, आणि बस, लोकांच्या डोक्यात किडा शिरला. कुणी म्हणे वीज पडली, कुणी म्हणे गोळी लागली, कुणी म्हणे लिफ्टला आग लागली तेव्हा आई आत होती. लेखिकेनेही लोण्याचा गोळा आयता हातात आल्यावर सोडला नाही, तिने दर दहा-वीस भागांनी डागाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. आणि ह्या सगळ्या डागतज्ज्ञांत पहिला नंबर मामांच्या बायकोचा. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिने रीतसर वही सुरू केली, डावीकडे 'निरीक्षण', उजवीकडे 'अनुमान'. भाग संपला की चष्मा लावून लिहायला बसायची.

"तुम्ही तिथेच असता ना दिवसभर? विचारा की कुणाला तरी, कसा पडला तो डाग!"

"आम्हालाही सांगत नाहीत," मामा ताटात बघून म्हणायचे.

एक खोटं सेटवर, दुसरं घरी. मधल्या मध्ये मामा.

मग एका सोमवारी वाहिनीचं पत्र आलं. येत्या शुक्रवारी शेवटचा भाग. का, कशाला, काही नाही. कपडेपटात, रंगभूषेच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे घरातलं कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. लेखिकेच्या डोक्यात अजून चाळीस भाग होते, ते एका भागात कोंबायचे होते. दुपारी ती मामांच्या टेबलाजवळच खुर्ची ओढून बसली, कारण तिथे ऊब असायची, आणि कागदावर एकेक ओळ खोडू लागली.

"आई परत येते, एवढं दाखवीन मामा. बाकी सगळं गेलं. डागसुद्धा सोडूनच द्यावा लागणार. त्याचं उत्तर मला तेव्हाही माहीत नव्हतं, आता काय सुचणार?"

घरी बायकोला बातमी आधीच कळली होती. ती वही मिटून बसली होती. मामा जेवायला बसले तरी तिने टीव्ही लावला नाही.

"म्हणजे डागाचं कळणारच नाही का हो?"

मामा म्हणाले, "अगं, तो डाग..."

"काय?"

"काही नाही. वाढ थोडा भात."

तोंडाशी आलेलं त्यांनी भाताबरोबर गिळलं. रात्रभर मात्र स्वतःवर चरफडत राहिले. मालिका संपली की डाग विस्मरणात जाणार, आणि डाग गेला की ते सांगायला पुन्हा निमित्त मिळणार नाही. तिच्या लेखी आपण कायमचे "बरं, ठेवतो" म्हणणारे राहणार. ह्या वयात ते त्यांना सोसेना.

बायकोला सांगणं जमत नव्हतं, परक्याला जमलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखिकेला गाठलं आणि इस्त्रीकडे बघत बघत सगळं सांगून टाकलं. फोन, रिपोर्ट, जळका वास, पोलिसांचे गणवेश. लेखिका आधी पोट धरून हसली. मग तिने नाक ओढलं.

"मामा, आख्खं जग तिथे आग शोधतंय. मीसुद्धा. आणि तो डाग आनंदाचा निघाला?"

"आनंदाचा," मामा म्हणाले. "पण ताई, साहेबांना सांगा, कारागिरी नव्हती ती. चूक होती."

"सांगते," ती म्हणाली, आणि तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला बसली. नवा प्रसंग असा झाला: आईची वाट बघणारे बाबा तिचा कोट इस्त्री करताहेत. दर रविवारी करतात, ती येईल तेव्हा तयार असावा म्हणून. लिफ्टची घंटी वाजते. बाबांचा हात थांबतो. कोट जळत राहतो.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या घरच्यांना सेट बघायला बोलावलं. मामांची बायको ठेवणीतले कपडे घालून आली. लिफ्टला हात लावून बघते तर प्लायवूड, आणि दारं ओढायला दोन्ही बाजूंना दोन गडी. "अगं बाई! दोन वर्षं मी ह्यात बसायला निघाले होते!" ती म्हणाली. तरी आत जाऊन क्षणभर उभी राहिलीच. एका बाजूला दिव्यांची खोकी भरली जात होती. संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करून द्यायची होती.

बाबांचं काम करणारा नट गुणी होता, पण इस्त्री पळीसारखी धरायचा. जवळून फक्त हात दिसणार होता, म्हणून दिग्दर्शक म्हणाले, हात मामांचा घ्या. मामांना बाबांच्या शर्टाची बाही चढवली. कोट होता दोन टाक्यांचा, धड राहिलेला तेवढाच एक. लोकरीवर ओलं फडकं न घालता इस्त्री टेकवायची आणि टेकवून ठेवायची, एवढंच काम.

आणि तेच जमेना. इस्त्री टेकायची, कापड तापायच्या बेताला यायचं, आणि हात आपला वर. मामांनी ठरवून टेकवली, दात-ओठ खाऊन टेकवली, डोळे मिटून टेकवली. हात वर. तीस वर्षांची सवय, ती काय मामांना विचारून येणार होती?

"मामा, मुद्दाम जाळायचंय," दिग्दर्शक म्हणाले.

"कळतंय हो साहेब. हाताला कळत नाही."

दिवेवाले घड्याळ बघू लागले. दिग्दर्शक म्हणाले, राहू दे, डागाशिवायच संपवू. तेव्हा लेखिका पुढे झाली. मामांची बायको कॅमेऱ्याच्या बाजूला स्टुलावर बसली होती, लेखिका तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"एकदाच बघू. मामा, आवाज घेत नाही आहोत, नुसता हात दिसणार आहे. इस्त्री टेकवा, आणि तो डाग पडला त्या दिवशी काय झालं ते सांगा. इकडे, ह्यांना."

"डाग पडला त्या दिवशी?" बायको म्हणाली. तिने मामांकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. "म्हणजे तो तुम्ही...?"

दिग्दर्शकांनी खूण केली. मामांनी इस्त्री टेकवली. आता पळायला जागा नव्हती.

"तू फोन केलास ना," मामा म्हणाले, "साधी गाठ आहे म्हणून."

बायको स्टुलावरच पुढे वाकली.

"सकाळपासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. एकच विजार तीन वेळा इस्त्री केली. डोक्यात एकच, की हिचं काही बरंवाईट झालं तर संध्याकाळी घराचं कुलूप आपल्याला उघडायला लागणार. ते कसं उघडायचं? आणि तू म्हणालीस, काही नाही. बघत होतो कोटाकडेच, पण दिसत काही नव्हतं. वास आला तेव्हा कळलं, जळतंय. म्हणून म्हणालो, बरं, ठेवतो. मला काय दुसरं बोलता येत नव्हतं का? येत होतं. पण बोललो असतो तर तिथेच मोठ्याने रडलो असतो. आणि घरी आलो तर तू बहिणीला सांगत होतीस, ह्यांना काय त्याचं..."

मामा तिच्याकडे बघत होते. हाताकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, त्यांचं तर नव्हतंच. टोकाखालून धुराची एक बारीक रेघ निघाली, ती सगळ्यांच्या आधी दिसली बायकोला. तिने तोंड उघडलं. मग मिटलं. मनगटाने डोळे पुसले आणि स्टूल थोडं पुढे सरकवलं.

"मग?" ती म्हणाली. "पुढे सांगा ना."