त्या वर्षी महालक्ष्म्या वॉकरवर आल्या

माझ्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं, त्या दिवशी आमच्या ह्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे घरभर मोजायची टेप लावली. रायपूरच्या समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. नवा खुबा बसला की काही महिने जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कमरेत फार वाकायचं नाही आणि बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. मी त्यातलं मांडीचं तेवढं ऐकलं आणि जेवायचं कसं या काळजीत पडले. ह्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. सारी नोकरी रेल्वेत गेलेला माणूस. रूळ असो की बायको, उंची बरोबर पाहिजे.

ते गुढियारीच्या बाजारात गेले आणि रिक्षाभर लाकडी ठोकळे घेऊन आले. मी दवाखान्यातून परत आले तेव्हा पलंग, खुर्ची, सोफा, एवढंच काय, टीव्हीचं टेबलसुद्धा ठोकळ्यांवर चढलं होतं. मी विचारलं, "टीव्हीचा खुबा कधी मोडला?" तर म्हणाले, "तू वर बसशीन अन् टीव्ही खाली राहीन, तं मान दुखन ना." पलंगाला तर त्यांनी इतकं उंच केलं होतं की त्यावर चढायलाच स्टूल लागलं असतं, आणि स्टुलावर चढायला मला बंदी. नवरा, मुलगा आणि शेजारची सून, तिघांनी मिळून मला वर ठेवलं. माझे पाय लोंबकळत राहिले. संध्याकाळी करवत आली, आणि मी पलंगावर असतानाच एकेक ठोकळा कमी झाला.

तसंही आमचं घर उंचीच्या बाबतीत आधीच हरलेलं होतं. रायपूर राजधानी झाल्यापासून समोरच्या रस्त्यावर दर वेळी नवा थर चढतो. रस्ता वर गेला, आम्ही होतो तिथेच राहिलो. आता फाटकातून आत यायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. लोकांच्या घरात पायऱ्या चढून जातात, माझ्या घरात पावसाच्या पाण्यासारखं उतरून यावं लागतं. ह्यांनी त्या पायऱ्यांवर फळ्यांचा उतार केला आणि माझ्या वॉकरला ये-जा करण्याची परवानगी दिली.

हे सगळं मी हसून सोसलं असतं, पण तोंडावर महालक्ष्म्या होत्या.

आमच्या घरची रीत अशी की मोठ्या सुनेनं दोन्ही मुखवटे फाटकापासून चालत आत आणायचे. बायका ताट वाजवतात, आतून एक जण विचारते, "कोण आलं? कशाच्या पावलांनी आलं?" आणि आपण सोन्याच्या, मोत्याच्या असं म्हणत यायचं. ऑपरेशनची बातमी लागताच भिलाईहून धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, यंदा आमच्याकडंच बसवते. तुमी आराम करा." आवाज असा गोड की शिरा करून ठेवावा. पण मला या गोडव्याचा इतिहास ठाऊक होता. माझ्या सासूबाईंकडे महालक्ष्म्या अशाच आल्या होत्या. त्यांच्या थोरल्या जावेचा पाय मोडला, एका वर्षापुरत्या म्हणून आल्या आणि परत गेल्याच नाहीत. ऑपरेशनला मी भ्याले नव्हते. याला मात्र खरंच भ्याले. लग्न होऊन आले तेव्हापासून वर्षातले ते तीन दिवस हे घर माझं असायचं, आणि ते जाणार या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

निकाल द्यायला मावससासूबाई वर्ध्याहून आल्या. सासूबाईंच्या धाकट्या बहीण, आणि सासूबाई गेल्यापासून घरातलं सुप्रीम कोर्ट. आल्या त्या थेट सतरंजीवर बसल्या, कारण खुर्चीवर बसणं म्हणजे त्यांच्या मते आजारपण. मी समोर ठोकळ्यांवरच्या खुर्चीत, त्यांच्या डोक्याच्या वर.

"काहून वो सूनबाई, पाया नाई पडत?"

"मावशी, डॉक्टरनं वाकाले मनाई केली."

"डॉक्टरले सासू नाई काय?"

हे मध्ये पडले. हाताचा कोपर वाकवून काटकोन म्हणजे काय, ते दाखवू लागले. "मावशी, नव्वद डिग्रीच्या पुढं गेलं तं सांधा निसटते."

"तू गप रे पोट्ट्या." पोट्टा सत्तरीला टेकला होता. त्यानं कोपर सरळ केला.

मग निकाल सुनावला गेला. "आणायच्या तं चालत आणायच्या, फाटकापासून. मधात बसायचं नाई, कोनाच्या हाती द्यायच्या नाई. जमत असन तं हो म्हन. नाई तं भिलाई."

"जमते," मी म्हटलं. अजून अंगणापर्यंतही गेले नव्हते.

त्या दिवसापासून मी कामाला लागले. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. "आंटी, एड़ी पहले," म्हणजे आधी टाच टेकवा, एवढाच तिचा मंत्र. मुलगा नवा रायपूरच्या ऑफिसातून यायचा, मला घाम पुसताना बघायचा आणि म्हणायचा, "मम्मी, वीडियो कॉल पे दर्शन कर लेना. इतना टेंशन काहे को?" माझ्या पोटचा, मराठी सगळी कळते, पण तोंड उघडलं की हिंदी. मी त्याला म्हटलं, "महालक्ष्मीले नेटवर्क नाई भेटत." तो हसत पंखा माझ्याकडे वळवून गेला.

सणाच्या आधी आम्ही फाटकापासून रंगीत तालीम केली. मुखवट्यांच्या जागी दोन नारळ. हे म्हणाले, "चल." मी उभी राहिले, आणि तेव्हा आमच्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की वॉकर धरायला दोन हात लागतात. तिसरा हात टेप लावताना कुणी मोजलाच नव्हता. एका हातानं प्रयत्न केला तर वॉकर डावीकडे, मी उजवीकडे आणि नारळ थेट नालीत. ह्यांनी मला पकडलं. घाबरून मी त्यांच्यावरच ओरडले, मग दोघंही फाटकाला टेकून उभे राहिलो. माझी लढाई संपली असं मला वाटलं.

वॉकरला पुढं एक कापडी पिशवी लटकत होती, चष्मा आणि मोबाईल ठेवायला. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ठोकळ्यांवरच्या खुर्चीत बसून मी कोऱ्या खणाची पिशवी शिवली. मावशींना सांगायचं धाडस मात्र दोघांनाही झालं नाही.

आवाहनाच्या दिवशी जाऊ भिलाईहून ताट वाजवायला आली. चेहऱ्यावर ममता, हातात चमचा. मी रस्त्यावर उभी, पिशवीत दोन्ही मुखवटे शेजारी शेजारी, रिक्षातून बाजारला निघालेल्या बहिणींसारखे. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी पिशवी बघितली, आणि ओठ घट्ट मिटले.

"कोण आलं?" त्यांनी विचारलं.

"महालक्ष्मी आल्या."

"कशाच्या पावलांनी आल्या?"

"सोन्याच्या."

फळ्यांचा उतार लागला. मागून हे ओरडले, "एड़ी पहले!" वॉकर पुढे, मी मागे, खट खट. अंगणात पोचले. पुन्हा तोच प्रश्न. "मोत्याच्या," मी कसंबसं म्हटलं. उंबरठ्यापाशी वॉकर उचलून आत ठेवायचा होता आणि माझ्यात श्वास उरला नव्हता. घामानं डोळे चुरचुरत होते. त्यात मावशींनी तिसऱ्यांदा विचारलं, "कशाच्या पावलांनी आल्या?" आणि माझं डोकंच फिरलं.

"ॲल्युमिनियमच्या!"

जावेचा चमचा हवेतच थांबला. मुलगा भिंतीकडे तोंड करून खांदे हलवायला लागला. मावशींनी वॉकरकडे वरपासून खालपर्यंत नजर टाकली.

"किती पाय हायेत?"

"चार, मावशी."

"मंग येऊ दे आत. चार पायानं आलेली बाई लवकर कुठं जात नाई." आणि जावेकडे न बघताच म्हणाल्या, "वाजव वो ताट, थांबली काहून?"

मी उंबरठा ओलांडला. ह्यांनी उरलेले सगळे ठोकळे लावून महालक्ष्म्यांचा चौरंग उंच केला होता, म्हणजे मला खुर्चीत बसून साड्या नेसवता येतील. देवीचे चेहरे बरोबर माझ्या चेहऱ्यासमोर आले. नेसवून झालं, आणि मग नमस्कार करायची वेळ आली. मी हात जोडले. वाकता येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर ताठ बसून होते, आणि मला रडू फुटलं.

मावशी पुढे आल्या. गुडघे कुरकुरवत खाली बसल्या, कपाळ जमिनीला टेकवलं. "हा माहा." मग पुन्हा टेकवलं, आणि जरा जास्त वेळ तसंच ठेवलं. "अन् हा तुहा."

मी पदरानं डोळे पुसले. त्या मात्र उठेनात. कपाळ जमिनीवरून उचलून त्या म्हणाल्या, "पाहून काय राहिली? मले उठता येत नाई. तुहा तो वॉकर इकडं सरकव."